चिंचेखालचं बोलणं

वनिता ऐनकर वकिली सोडून सरकारी तपास खात्यात गेली, तेव्हा कर्जत कोर्टाच्या बाररूममध्ये आम्ही सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं होतं. मी जरा जास्तच काढलं, कारण ती माझी ज्युनियर होती आणि माझं ऑफिस पुढे तीच चालवणार हे मी मनाशी ठरवून टाकलं होतं. तिला विचारलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

वकील वकिली सोडून कुठे जातात हे साधारण ठरलेलं असतं. कोणी न्यायाधीश होतो, कोणी पुढारी होतो, कोणी जमिनी विकायला लागतो. आमच्या तालुक्यात तर ही शेवटची वाट हमरस्त्याएवढी रुंद झाली आहे. पण चांगला जम बसलेला असताना, वयाची मर्यादा संपत आलेली असताना पुन्हा स्पर्धा परीक्षेला बसायचं, मैदानावर धावायचं आणि मग आयुष्यभर कोणाच्या तरी मागावर हिंडायचं, हे आमच्या डोक्यात शिरत नव्हतं. केंद्र सरकारचं खातं होतं. नाव घेत नाही, कारण ते घेतलं की चांगली सज्जन माणसंसुद्धा उगाच घसा साफ करायला लागतात.

वनिता पोशीरची. वडिलांची भातशेती. रोज सकाळी स्कूटीवरून नेरळमार्गे कर्जतला यायची, ती डोक्याला ओढणी गुंडाळून, डबा पायाशी ठेवून. डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकट. पहिल्या दिवशी तिने बाररूममध्ये डबा उघडला तेव्हा दोन ज्येष्ठ वकिलांनी नाकाला रुमाल लावले. तिने शांतपणे विचारलं, "खाणार का?" महिन्याभरात तेच दोघे जेवणाच्या सुट्टीआधी दारात उभे राहून "आज काय आणलंय गं?" विचारायला लागले. वनिता कोणाशी भांडून जिंकली असं मी कधी पाहिलं नाही. ती नुसती थांबायची, आणि समोरचा आपोआप तिच्या बाजूला यायचा.

उलटतपासणीत तिचे प्रश्न भयंकर छोटे असत. मी स्वतः एका प्रश्नात तीन पोटप्रश्न घालणारा माणूस. साक्षीदार गोंधळतो, न्यायाधीश वैतागतात आणि पक्षकाराला वाटतं, काय जबरदस्त वकील मिळाला. वनिता उभी राहायची आणि म्हणायची, "कोण?" बस. साक्षीदार म्हणायचा, "तिथं मान्सं होती." ती म्हणायची, "कोण?" तो म्हणायचा, "गावातलीच." पुन्हा, "कोण?" आवाज चढायचा नाही, चेहरा बदलायचा नाही. तिसऱ्या 'कोण'ला भल्याभल्यांना घाम फुटत असे. बाररूमने तिचं नाव 'कोणबाई' ठेवलं होतं, आणि ती त्या हाकेला ओ द्यायची.

पण तिची खरी ओळख होती ती चिंच.

आमच्या कोर्टाच्या मागच्या बाजूला एक जुनी चिंच आहे. खाली एक सपाट दगड आहे, दोन माणसं बसतील एवढा. खेड्यापाड्यातून आलेले पक्षकार बाररूमच्या दारातच सगळं सांगायला सुरुवात करतात. कोयती कुठे टाकली, कोणाला पाजली, सगळं, दहा माणसांच्या देखत. वनिता लगेच हात वर करायची. "थांबा. इथं नको. इथं भिंतींना कान आहेत आणि वकिलांना भिंतींपेक्षा मोठे." मग ती त्याला चिंचेखाली न्यायची. त्याआधी गळ्याला पांढरा बँड बांधायची, कोर्टात उभं राहायचं नसलं तरी. आणि पक्षकाराच्या भावाला, मेहुण्याला, सरपंचाला, सगळ्यांना लांब उभं करायची. मलासुद्धा.

दगडावर बसल्यावर तिचं पहिलं वाक्य ठरलेलं असे. "ही पट्टी गळ्यात आहे तोवर तुम्ही सांगाल ते माझ्यापाशी राहील. पट्टी काढली तरी राहील. मी मेले तरी राहील. आता खरं बोला."

आम्ही सगळे वकील हेच करतो, कायद्याने करावंच लागतं. पण आम्ही ते गृहीत धरतो आणि ती ते दरवेळी समोरच्याला सांगायची. त्यामुळे लोक तिच्याकडे जे बोलत ते आमच्याकडे बोलत नसत. बाररूममध्ये एखाद्याने आतली गोष्ट सांगितली की आम्ही गमतीने म्हणायचो, "हे चिंचेखालचं हं, कुठे बोलू नका," आणि संध्याकाळपर्यंत ते गावभर व्हायचं. वनिताच्या चिंचेखालचं मात्र कधी कोणाला कळलं नाही.

जैतू दरवडाला तिने तिथेच नेलं होतं.

पळसदरीच्या धरणामागे डोंगरात ठाकर आदिवासींची एक वाडी आहे. जैतू तिथला. पन्नाशीला टेकलेला, काटक, बोलायला कमी. पावसाळ्यात नाचणी-वरी, बाकी वेळ मजुरी, आणि हंगामात डोंगरातून हिरडा, शिकेकाई गोळा करून आणायची. एके दिवशी खोपोलीच्या रस्त्यावर वनखात्याच्या माणसांनी त्याला गोणीसकट पकडलं. गोणीत खवले मांजराचे खवले होते. आमच्या डोंगरांत खवले मांजर नावाचा एक गरीब प्राणी आहे. मुंग्या खातो, आणि घाबरला की अंगाचा गोळा करून बसून राहतो. तसा बसला की माणूस त्याला अलगद उचलून घेऊन जातो. त्याच्या खवल्यांना परदेशात मागणी आहे म्हणे, आणि शिक्षा वाघ मारल्यासारखीच कडक आहे.

जैतूच्या बायकोने वनिताला वकीलपत्र दिलं. जैतू जामिनावर सुटला त्या दिवशी वनिताने त्याला चिंचेखाली बसवलं, बँड बांधला, आम्हाला लांब केलं. मी बाररूमच्या खिडकीतून पाहत होतो. जैतू बराच वेळ पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता. मग त्याने मान वर करून एक-दोन वाक्यं सांगितली, आणि वनिताचा चेहरा उतरला. मी तिला इतक्या वर्षांत तशी पाहिली नव्हती.

"काय म्हणाला?" मी नंतर विचारलं.

"सर, तुम्ही चिंचेखाली होता का?"

"नव्हतो. पण मी तुझा सीनियर आहे."

"वकीलपत्र माझ्या एकटीच्या नावावर आहे," ती म्हणाली आणि डबा उघडून माझ्यापुढे सरकवला. सुकटीने तोंड बंद करायची तिची ही पद्धत मला ठाऊक होती.

एवढं मात्र आम्हा सगळ्यांना उघड दिसत होतं, की गोणी जैतूची नव्हती. तो पोचवणारा होता. पोचवायला सांगणारा दुसराच कोणी होता, त्याचं नाव जैतूला माहीत होतं, आणि आता ते वनितालाही माहीत झालं होतं. जैतूने ते नाव कोर्टात घेतलं असतं तर त्याची सुटका झाली नसती कदाचित, पण तपास वर सरकला असता. तो घेत नव्हता. वनिताने त्याला पुन्हा पुन्हा चिंचेखाली नेलं. एकदा त्याचा आवाज चढला तेव्हा मला इतकंच ऐकू आलं, "वाडी त्याच्यावर जगतं, बाई. मी नाव घेन आन पोरंबाळं खातील काय? तुमी बी घ्याचं नाय. सपत हाय."

"नाही घेणार," वनिता म्हणाली.

खटला उभा राहिला. शेवटी न्यायाधीशांनी आरोपीला विचारायचे प्रश्न विचारले. गोणी कोणाची? मी मागच्या बाकावर बसलो होतो. जैतू पिंजऱ्यात सरळ उभा होता. म्हणाला, "माजीच हाय, सायेब."

वनिता खुर्चीत बसून होती. तिचा हात गळ्याकडे गेला आणि तिने बँडची नाडी बोटाला गुंडाळायला सुरुवात केली. गुंडाळत गेली, गुंडाळत गेली, आणि नाडी तुटली. खरं काय ते त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं. त्यातला एक खोटं बोलत होता आणि दुसरीला बोलायची परवानगी नव्हती. जैतूला तीन वर्षांची शिक्षा झाली.

त्याच हिवाळ्यात आमच्या बारची सहल निघाली. पळसदरीला आमच्या एका शेठचं फार्महाउस आहे, तिथे. शेठ म्हणजे रानातल्या मालाचा मोठा व्यापारी. डोंगरातल्या सगळ्या वाड्यांचा हिरडा, शिकेकाई, मध तोच उचलायचा. पोरांना वह्या वाटायचा, देवळांना घंटा द्यायचा आणि अर्ध्या बारचा पक्षकार होता. माझाही. माणूस गोड. "वकीलसाहेब, तुमी नुसतं यायचं, बाकी आपन बघतो," म्हणाला, आणि खरोखर सगळं बघितलं.

त्या दिवशी पोपटी लावली होती. रायगडात राहून पोपटी माहीत नसलेला माणूस सापडणार नाही, तरी सांगतो. मडक्यात तळाला भांबुर्डीचा पाला घालायचा, त्यावर वालाच्या शेंगा, अंडी, मसाला चोळलेली कोंबडी, वर पुन्हा पाला. मडकं उपडं घालून भोवती जाळ करायचा. वाफ सुटली की माणसाचं कुळ, शिक्षण आणि वकिली सगळं गळून पडतं. आणि पोपटी हा वनिताचा जीव की प्राण. थंडी पडली की ती पोशीरहून आमच्यासाठी घरची पोपटी आणायची, आणि निम्मी वाटेतच संपवायची.

पण त्या दिवशी ती कशालाच शिवली नाही. "पोट बरं नाही," म्हणाली आणि धरणाच्या भिंतीवर जाऊन बसली. शेठ स्वतः ताट घेऊन तिच्याकडे गेला. "बाई, दोन शेंगा तरी." तिने हात जोडले. मग त्याने वाढणाऱ्या मुलीला पाठवलं. ती जैतूची मुलगी होती, फार्महाउसवरच कामाला. वनिताने तिच्याकडूनही काही घेतलं नाही. फक्त तिला जवळ बसवून विचारलं, "बाबाला भेटून आलीस का गं?"

मी लांबून ओरडलो, "कोणबाई, उपास सोडा! पोपटी वाया चाललीय!" सगळे हसले. तीही हसली. कोंबडीचा पाय हातात धरून मी तिची चेष्टा करत होतो आणि मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं.

पुढच्या महिन्यात ती ऑफिसात आली आणि म्हणाली, "सर, मी परीक्षा देतेय." खात्याचं नाव ऐकून मी चष्मा काढला. मी खूप बोललो. मुलीच्या जातीला, पगार किती, बदल्या कुठे कुठे, घरी काय सांगशील, सगळं बोललो. तिने सगळं ऐकून घेतलं.

"सर, आपल्याकडे खरं येतं, पण सगळं होऊन गेल्यावर येतं," ती म्हणाली. "आणि आलं की त्याला कुलूप लावावं लागतं. ते बरोबरच आहे. ते कुलूप नसतं तर जैतूदादासारख्याने कोणाजवळ तोंड उघडलं असतं? पण मला आता दुसऱ्या बाजूला जायचंय. जिथं 'कोण' हे पहिल्यांदा विचारतात तिथं."

"मग सोपं आहे की! तिथे जा आणि ते नाव सांगून टाक."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला उठून पाणी प्यावंसं वाटलं. "सनद परत करता येते, सर. ऐकलेलं परत करता येत नाही."

तिच्या वडिलांना हे पचायला जड गेलं. त्यांनी मला पोशीरला बोलावून घेतलं, म्हणजे मी तिला समजावीन. अंगणात बसलो. वडील म्हणाले, "वकिलीन हाय तर गावात मान हाय. आता पोलिसीन व्हनार म्हन्तं."

"पोलीस नाही, बाबा. तपास अधिकारी," वनिता आतून म्हणाली.

"मंग काय करनार?"

"चोर पकडणार."

"म्हंजे पोलीसच ना गं?"

वडिलांनी मग मला विचारलं, "सायेब, तुमाला काय वाटतं?" मी ज्यासाठी आलो होतो ते बोलायला तोंड उघडलं आणि म्हणालो, "जाऊ द्या तिला." असं का म्हणालो ते मला आजही सांगता येणार नाही. परतताना वाटभर मला स्वतःचाच राग येत होता.

ती गेली. सनद जमा केली, टेबल रिकामं केलं. तुटक्या नाडीचा बँड माझ्या खणात ठेवून गेली. आधी उत्तरेत कुठे कुठे नेमणुका झाल्या. दिवाळीला फोन यायचा, "सर, इथं सुकट मिळत नाही." कामाविषयी एक अक्षर नाही. जैतू शिक्षा भोगून वाडीवर परत आला. शेठने देवळाला आणखी एक घंटा दिली.

मग गेल्या पावसाळ्यानंतर खालापूरजवळ महामार्गावर एक टेंपो अडवला गेला. मागे शिकेकाईची पोती, त्याखाली खवल्यांच्या गोण्या. ह्या वेळी माल एवढा होता की प्रकरण केंद्राच्या खात्याकडे गेलं. टेंपो चालवणारा पोरगा जैतूचा जावई होता. तो म्हणाला, "गोण्या माझ्याच." सासऱ्याचंच वाक्य जावयाच्या तोंडात.

जैतू माझ्या ऑफिसात आला. केस पिकले होते, पाठ थोडी वाकली होती. जावयाचं वकीलपत्र मी घेतलं. उठताना म्हणाला, "सायेब, बाई आलीय म्हन्तात खालापूरला. खरं हाय का?"

खरं होतं. तपासाला आलेल्या पथकात वनिता होती. मी दुसऱ्याच दिवशी खालापूरच्या विश्रामगृहावर गेलो. साधा पंजाबी ड्रेस, पायात बूट, केस कापलेले, उन्हाने रापलेली. मला पाहून उठून उभी राहिली, पाया पडली. तिथे चहा आला तो तिने माझ्यापुढे ठेवला आणि स्वतः पिशवीतली पाण्याची बाटली काढली. प्रकरण चालू असताना ह्या भागातलं काही खायचं-प्यायचं नाही, हा तिचा नियम होता. मी म्हटलं, "माझं मीठ तर आधीच खाल्लंयस." "म्हणून तर भीती वाटते," ती म्हणाली आणि आम्ही दोघेही हसलो.

मग मी मुद्द्यावर आलो. "वनिता, तुला नाव माहीत आहे."

"कोणाचं?"

"अगं, माझ्यापुढे नाटकं करू नकोस. जैतूने तुला तेव्हाच सांगितलंय. तो पोरगा आत बसलाय. एक शब्द बोललीस तर..."

"सर, मला काही माहीत नाही." तिने हे इतकं शांतपणे सांगितलं की मला क्षणभर ते खरंच वाटलं. "वनिता ऐनकर वकिलाला काही माहीत असेल. ती मी नाही. मी साहेबांना पहिल्याच दिवशी सांगितलंय, इथल्या एका माणसाची मी वकील होते, त्याच्या वाडीवर मी जाणार नाही, त्याचा जबाब मी घेणार नाही. आम्ही टेंपोपासून मागे मागे जातोय. वेळ लागेल."

"आणि तोवर माग पुसला गेला तर? उरलेला माल उचलला गेला तर?"

"तर जाईल." तिने बाटलीचं झाकण घट्ट बसवलं. "तुम्हाला वाटतं मला झोप येते?"

"मग जैतूला जाऊन विचार तरी! त्याने परवानगी दिली तर तुला बोलता येतं. कायदा मलाही येतो."

"तेच तर करायचं नाही. मी विचारलं तर तो नाही म्हणणार नाही, सर. उपकाराखाली दबलेला माणूस आहे. मग ते त्याचं बोलणं होईल की माझं?"

मी रागावून परतलो. एका माणसाला दिलेल्या शब्दापायी एक पोरगा तुरुंगात जाईल, आणि पडद्यामागचा माणूस मोकळा फिरेल, हे मला सोसवत नव्हतं. तिचा हट्ट मला त्या दिवशी निव्वळ अहंकार वाटला.

आठवड्याने जैतू पुन्हा आला. जावयाच्या जामिनाचं काय ते ऐकलं, पण हलेना. दारातच उकिडवा बसून राहिला.

"सायेब, एक इचारू? बाईची मान्सं सगळ्या वाड्यांवर फिरली. आमच्या वाडीवर बी आली. बाई नाय आली. आमच्यावर रागावली काय ती?"

"रागावली नाही रे. तू तेव्हा तिला सांगितलं होतंस ना काहीतरी, चिंचेखाली. ते तिला वापरायचं नाही. तुझ्या समोर आली तर तुला वाटेल ती तेच मागायला आली, म्हणून येत नाही."

जैतूला हे कळायला वेळ लागला. त्याने दोनदा माझ्याकडे पाहिलं. "म्हंजे तिनं सांगितलं नाय कोनाला? तिच्या सायबाला बी नाय?"

"नाही."

"मी आत गेलो, भायेर आलो. ती वकिलीन व्हती, आता सरकारी झाली. तरी बी आजून ठेवलंय?"

"ठेवलंय."

तो भिंतीकडे तोंड करून बसला. खांदे हलत होते. मी उगाच एक जुनी फाइल उघडून बसलो. थोड्या वेळाने त्याने डोक्याचं फडकं सोडून तोंड पुसलं. म्हणाला, "मला वाटत व्हतं त्यानं आमाला जगवलं. तीन वर्सं मी बसलो त्याच्यापायी, एक दिस ईचारलं नाय त्यानं. वर माझ्या पोरीचा दादला त्याच कामाला लावला. आन हिला मी एक डाव सांगितलं, तर हिनं आजून हाय तसं ठेवलंय. सायेब, मला बोलायचं हाय. कुठं बोलू सांगा."

पुढचं सगळं वनिताच्या वरिष्ठांनी केलं. ती एका कागदालाही शिवली नाही. त्यांचा एक दुसरा अधिकारी वाडीवर गेला आणि तू आपल्या मनाने बोलतोयस ना, हे त्याने जैतूला पुन्हा पुन्हा विचारलं. जैतूचा जबाब न्यायाधीशांपुढे, कर्जतच्या आमच्याच कोर्टात नोंदवायचा ठरला. डिसेंबर सुरू झाला होता, वालाला शेंगा धरल्या होत्या.

त्या दिवशी सकाळी मी जैतूला घेऊन कोर्टात आलो. पथकाची जीप आवारात उभी होती. वनिता जीपला टेकून उन्हात उभी होती. तिला पाहताच जैतूचे पाय आपोआप मागच्या बाजूला वळले. तो सरळ चिंचेखाली गेला, दगडावर एका कडेला बसला आणि शेजारची जागा हाताने झाडून ठेवली.

वनिता चालत गेली ती सावलीच्या कडेपर्यंत. तिथे थांबली.

"बसा की, बाई."

"तिथं नको, जैतूदादा."

जैतूने तिच्या गळ्याकडे पाहिलं. "पट्टी नाय आज?"

"नाही. म्हणून तर तिथं बसता येत नाही. इथलं बोलणं आपलं झालंय, ते माझ्यापाशी आहे. आज तुम्हाला बोलायचं असलं तर आत जाऊन बोला. नसलं बोलायचं तर घरी जा. मला काही वाटणार नाही. खरंच काही वाटणार नाही."

जैतू हसला. मी त्याला हसताना प्रथमच पाहत होतो. "घरी जायला आलो काय यवढ्या लांब?" तो उठला आणि शिपायाच्या मागोमाग आत गेला.

असा जबाब चालू असताना तपासातलं कोणीही खोलीत थांबत नाही. दार बंद झालं. ज्या नावासाठी तिने टेबल रिकामं केलं होतं, ते नाव त्या बंद दाराआड घेतलं जात होतं आणि ती बाहेर उन्हात उभी होती. मी म्हटलं, "सावलीत तरी ये." तिने नुसती मान हलवली. तिचा हात राहून राहून गळ्याकडे जात होता, आणि तिथे काही नव्हतं.

दार उघडलं. जैतू बाहेर आला, इकडेतिकडे न बघता पुन्हा चिंचेखाली जाऊन त्याच कडेला बसला. "झालं," म्हणाला. "आता या. आता इचारा."

वनिता सावलीत शिरली. त्याच्या शेजारी बसली. मग तिने विचारलं, अगदी जुन्या आवाजात,

"कोण?"

जैतूने शेठचं नाव घेतलं. एवढ्या मोठ्याने, की बाररूमच्या खिडकीत चार डोकी आली. ती त्याच्याकडे पाहत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती ते पुसतही नव्हती. मला मात्र त्याच क्षणी धरणाची भिंत दिसली, हात जोडून बसलेली ती दिसली, आणि कोंबडीचा पाय हातात धरून ओरडणारा मी दिसलो.

वरिष्ठांनी हाक मारली. ती उठली, ड्रेसला चिकटलेला पाला झटकला, जैतूच्या खांद्यावर हात ठेवला आणि जीपमध्ये पुढे बसली. जीप माझ्याजवळून जाताना हळू झाली. तिने मान बाहेर काढली.

"सर, शेंगा भरल्यात आता. पोपटी लावा. मी येते."

"आणि पोट?" मी विचारलं.

"आता बरं आहे, सर."

जीप फाटकातून बाहेर पडली आणि पळसदरीच्या रस्त्याला लागली.